हात बाहेर

लिंदौराला राग यायला कारण लागत नाही, असं नव्या वस्तीतले लोक म्हणायचे. या खेपेला मात्र कारण होतं, आणि ते रंगीत खोक्यात घालून थेट सातवीच्या वर्गात आलं होतं.

खोकं कंपनीचं. कंपनी म्हणजे तीच, जिची लोखंडाची खाण डोंगरावर होती, आणि खनिज धुऊन उरलेला गाळ अडवायला जिने पेद्रा मान्सा गावाच्या डोक्यावर धरण बांधलं होतं. तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरातल्या एका सकाळी ते धरण फुटलं आणि गाव गाळाखाली गेलं. एकवीस माणसं गेली. उरलेल्यांना कंपनीने टेकाडावर एकसारखी पांढरी घरं बांधून दिली, माणशी एक हिरवं जाकीट दिलं, नवी शाळा दिली. आता एवढ्यावर तिचं पोट भरेना म्हणून ती मुलांना गोष्टी शिकवायला निघाली होती.

खोक्यात चार छोट्या कार्टूनफिल्मा होत्या आणि एक तक्ता. तक्त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, गोष्टीतला संघर्ष, प्रकार चार. माणूस विरुद्ध माणूस, माणूस विरुद्ध समाज, माणूस विरुद्ध स्वतः, माणूस विरुद्ध निसर्ग. दर प्रकाराला एक फिल्म. सगळ्या फिल्मांत पात्रं जनावरांची, माणूस औषधालाही नाही, पण ते सोडा.

खरी चीड आणणारी गोष्ट ही की पहिल्या तीन फिल्मा चांगल्या होत्या. लिंदौरा तीस वर्षं भाषा शिकवत होती, चांगल्याला वाईट म्हणणं तिच्याच्याने होत नसे. आणि शिकवायची तिची एक रीत होती. फिल्म ऐन रंगात आली की ती थांबवायची आणि एकाला पुढे बोलवायची. प्रश्न दोनच. याला काय हवंय? आणि ते कोण मिळू देत नाही? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तोंडाने द्यायचं नाही, पडद्यावर जाऊन बोट ठेवायचं. "बोट ठेव, भाषण नको," हे तिचं वाक्य वस्तीतल्या कुत्र्यांनासुद्धा पाठ होतं.

तर दोन टुकान पक्षी एका ढोलीसाठी भांडतात त्या फिल्मला काही अडलं नाही, पोरांनी धडाधड दुसऱ्या टुकानावर बोटं ठेवली. पोपटांच्या गावात शीळ घालायला बंदी असते, तिथे एक पोरगी पडद्यापाशी गेली, थबकली आणि म्हणाली, बाई, एका बोटाने भागत नाही. मग तिने दोन्ही तळवे पसरून सगळ्या पोपटांवर ठेवले. लिंदौरा इतकी खूश झाली की त्या दिवशी कुणालाच ओरडली नाही. तिसऱ्या फिल्ममध्ये बेडकाला नाचाच्या दिवशी गायचं असतं आणि माणसं बघायला लागली की त्याचा घसाच बसतो. बोट पडद्यावर इकडे फिरलं, तिकडे फिरलं, आणि शेवटी बेडकाच्याच छातीवर येऊन टेकलं. वर्ग एकदम गप्प झाला. समजलं की वर्ग असाच गप्प होतो.

चौथी फिल्म नदीची. गुबगुबीत कापिबारा, म्हणजे पाण्याकाठचे डुकराएवढे उंदीर, काठावर सुखाने राहतात. एके दिवशी नदीला राग येतो. नदीला डोळे होते, जाड भुवया होत्या. भुवया चढल्या, पाणी चढलं, घरं वाहून गेली. मग सगळे कापिबारा अश्रू पुसतात, हसतात आणि टेकाडावर एकसारखी पांढरी घरं बांधतात. संपलं. खाली ओळ आली, निसर्गापुढे आपण सारे लहान आहोत.

लिंदौराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण वर्ग बसलेला होता, आणि रीत ती रीत. तिने तैनाराला पुढे बोलावलं.

तैनारा बारा-तेरा वर्षांची, कमी बोलणारी, कोपऱ्यातल्या बाकावरची पोर. ती पडद्यापाशी गेली. नदीच्या भुवयांजवळ तिने बोट नेलं आणि मागे घेतलं. मग म्हणाली, "बाई, पहिलं चित्र परत लावा ना."

पहिलं चित्र लावलं. कापिबारांच्या घरांमागे, लांब डोंगरात, एक करडी भिंत काढलेली होती. दुसऱ्या चित्रात ती नव्हती. पुढे कुठेच नव्हती. काढणाऱ्याने आधी काढली असणार आणि नंतर कुणीतरी सांगितलं असणार, पुसा म्हणून. पहिल्या चित्रातली पुसायची राहून गेली.

तैनाराने बोट पडद्याच्या कडेपर्यंत सरकवलं, कडेच्याही पुढे नेलं आणि शाळेच्या भिंतीवर ठेवलं. "तो इथे आहे, बाई. चित्राच्या बाहेर."

लिंदौराने फिल्म बंद केली. मुलांना मैदानात सोडलं आणि रिकाम्या वर्गात खोक्याला अशी लाथ घातली की आठवडाभर ती लंगडत होती.

तिला तैनाराशी बोलायचं होतं. तीन वर्षं बोलायचं होतं. पण तिचं धाडस होत नसे, त्याचं कारण कायो. कायो म्हणजे तैनाराचा धाकटा भाऊ, तेव्हा सहा वर्षांचा. त्या दिवशी पहिलीची बाई आली नव्हती, म्हणून पहिलीची पोरं लिंदौराच्या चौथीत येऊन बसली होती. कायो वही विसरून आला होता. लिंदौराचं डोकं फिरलं. विसरायला डोकं घरी नाही ठेवलंस ते नशीब, असं काहीतरी ती म्हणाली आणि दाराकडे बोट करून त्याला वही आणायला घरी पाठवला. घर खाली, नदीकाठी, शाळेतून दिसायचं. शाळेतल्या सगळ्याच बाया पोरांना असं घरी पिटाळायच्या. पाच मिनिटं जायला, पाच मिनिटं यायला.

धोक्याचा भोंगा वाजलाच नाही. कंपनीचा माणूस येऊन शिकवून गेला होता, भोंगा वाजला की देवळामागच्या चढाकडे पळायचं. आधी आवाज आला, मग वास आला, आणि मग खिडकीतून दिसलं. शाळा चढावर होती, शाळेतली सगळी पोरं वाचली. कायो शाळेत नव्हता.

कुणी लिंदौराला एका शब्दाने बोललं नाही. तैनाराच्या आईने अंत्यविधीला तिचा हात धरला होता. तैनारा तर त्या दिवशी वर्गातच होती, सगळं ऐकत होती, आणि तीही कधी काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. लिंदौरा कंपनीवर ओरडायची, नगरपालिकेवर ओरडायची, देवळातल्या पाद्रीबाबांवर ओरडायची, आणि घरी गेली की आरशासमोर उभी राहून त्याच बोटाकडे बघत राहायची.

मग तो चिखलवाला आला. एवांद्रो नाव. राजधानीतून कंपनीने तीन आठवड्यांसाठी पाठवला होता, मुलांना मातीच्या बाहुल्यांची फिल्म करायला शिकवायला. लांब केस, मऊ आवाज. पहिल्याच दिवशी लिंदौराने त्याला वर्गाच्या दारात ऐकवलं की कंपनीच्या पगारावर चिखल खेळायला आलात, तर चिखल आमच्याकडे भरपूर आहे, तुमचीच कृपा. एवांद्रो रागावला नाही. म्हणाला, पगार कंपनीचाच आहे, बाई, खोटं कशाला बोलू.

त्याने रंगीत माती आणली होती. पोरांनी ती बाजूला ठेवली आणि बादल्या भरभरून खालून गाळ आणला, तोच लालभडक गाळ. तो वाळला की तडकायचा. त्यात तेल मळून मळून त्यांनी तो बाहुल्यांजोगा केला. लिंदौरा दारातून बघत होती. त्या गाळाचं देऊळ झालं, घरं झाली, चढावरची शाळा झाली.

काम असं चालायचं. बाहुली टेबलावर, कॅमेरा ट्रायपॉडवर. बाहुलीचा पाय केसभर पुढे सरकवायचा, हात काढून घ्यायचा, फोटो काढायचा. परत केसभर, परत फोटो. असे बारा फोटो झाले की पडद्यावर एक सेकंद होतो. दर फोटोआधी सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "हात बाहेर!" मग खट्ट. दिवसभर शाळेत तेवढंच ऐकू यायचं, हात बाहेर, खट्ट, हात बाहेर, खट्ट. स्वयंपाकघरात घेवडा शिजवणारी बाईसुद्धा झाकण ठेवताना तेच म्हणायला लागली.

एकदा एका पोराचा हात राहिला. एवांद्रोने तो फोटो सगळ्यांना दाखवला आणि समजावलं की नवशिक्यांची ही ठरलेली चूक आहे. फोटोत हात राहिला की बघणाऱ्याला कळतं, हे आपोआप चालत नाहीये, कुणीतरी चालवतंय. मग जादू गेली.

"मग तो फोटो फेकून द्यायचा?" तैनाराने विचारलं.

"फेकून द्यायचा आणि हात बाहेर ठेवून परत काढायचा."

तैनाराने मान हलवली. काम शिकताना डोकं लावून ऐकणारी पोर, एवढंच एवांद्रोला वाटलं. लिंदौरालाही तेवढंच वाटलं.

शेवटच्या आठवड्यात पोरांनी दाराला आतून कडी लावली. फिल्म वाढदिवसाच्या केकसारखी झाकून ठेवायची, आधी कुणी बघायची नाही, बाईंनीही नाही. लिंदौराने दार ठोठावलं नाही. तिने त्या टेबलावर पांढरा अंगरखा घातलेली एक बाहुली पाहिली होती. शाळेत तसा अंगरखा एकच बाई घालते.

त्याच आठवड्यात लेतीसिया आली. कंपनीच्या जनसंपर्क विभागातली, तरुण, गोड बोलणारी, प्रत्येकाचं नाव लक्षात ठेवणारी. तिच्यासोबत फॉर्मांची चवड होती, एक चुकला तर दुसरा हवा म्हणून. मुलांची फिल्म तिसऱ्या स्मृतिदिनाला सभागृहात दाखवायची आणि पुढच्या वर्षीच्या खोक्यात घालायची, आठशे शाळांत. कापिबारांच्या जागी. मुखपृष्ठसुद्धा तयार होतं, तिने ते कौतुकाने दाखवलं. त्यावर छापलं होतं, नदीकाठची मुलं सांगतात, माणूस विरुद्ध निसर्ग.

फक्त एक अडचण होती. नियमाप्रमाणे संघर्षाचा प्रकार वर्गशिक्षिकेने ठरवून सही करायची होती. चार चौकटी, एकीवर फुली, खाली सही.

मुख्याध्यापिका बेर्नादेतने लिंदौराला खोलीत बोलावलं, कॉफी दिली आणि दार लावून घेतलं. लिंदौराचा करार दर डिसेंबरात नव्याने व्हायचा, हे तिने आडून आडून काढलं. एका फुलीसाठी कशाला नडतेस, म्हणाली. पोरांची फिल्म राज्यभर जाईल, त्यांना केवढं अप्रूप वाटेल. आणि शेवटी पूर तो पूर.

"पूर?" लिंदौराने कप असा आपटला की कॉफी हजेरीपटावर सांडली. "बेर्नादेत, पाऊस तरी होता का त्या दिवशी? ऊन होतं. माझ्या पोरांच्या आयांनी धुतलेले कपडे वाळत घातले होते खाली. पूर म्हणे."

बेर्नादेत हजेरीपट पुसत बसली. तिचा मेव्हणा त्या एकवीस जणांत होता, तिला कुणी ऊन समजावून सांगायची गरज नव्हती. पण शाळा कंपनीची होती, छप्पर कंपनीचं होतं, आणि तिला पाच वर्षांत निवृत्त व्हायचं होतं.

घरी जाताना लिंदौरा वाटभर कंपनीला शिव्या घालत होती. आणि मग अर्ध्या वाटेवर, पिठाच्या दुकानासमोर, तिला स्वतःचीच किळस आली. कारण मनातल्या मनात तिने निसर्गाच्या चौकटीवर फुली मारून पाहिली होती, आणि एक क्षण तिला हलकं वाटलं होतं. नदीला राग आला, नदीने नेलं, संपलं. मग कुणी विचारणार नाही की त्या पोराला खाली कुणी पाठवलं. कंपनीने ती चौकट स्वतःसाठी केली होती, पण तिच्यात लिंदौरालाही लपायला जागा होती. या विचाराने तिच्या अंगाचा असा तिळपापड झाला की तिने चालता चालता दुकानदारालाच झापलं, पाटी तिरकी लावली म्हणून.

स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी, सकाळी दहा वाजता, सातवीच्या वर्गाचे पडदे ओढले. सतरा पोरं बाकांवर. पुढच्या खुर्च्यांवर लेतीसिया, बेर्नादेत आणि लिंदौरा. लिंदौराच्या मांडीवर कोऱ्या फॉर्मांची चवड आणि पेन. एवांद्रो यंत्रापाशी. तैनारा त्याच्या शेजारी उभी.

फिल्म सुरू झाली. लाल गाळाचं पेद्रा मान्सा, देवळाचा वाकडा क्रूस तसाच वाकडा, दोरीवर वाळणारे चिंध्यांचे कपडे. लेतीसियाने छाती भरून आल्यासारखा श्वास घेतला. मग चढावरची शाळा. शाळेच्या दारात पांढरा अंगरखा घातलेली बाई. तिचा हात उचलला गेला, मातीचं बारकं बोट दाराबाहेर रोखलं गेलं. एक लहान बाहुली दारातून निघाली आणि उतारावरून खाली जायला लागली.

आलं, लिंदौराला वाटलं. आता आलं. आठशे शाळांत हे बोट दिसणार आहे. आणि तिला आश्चर्य वाटलं की तिला पळून जावंसं वाटलं नाही. दिसू दे, तिला वाटलं, एकदाचं दिसू दे.

लहान बाहुली घरात गेली. फ्रिजवरून वही काढायला खुर्चीवर चढली. तेवढ्यात डोंगरातली भिंत थरथरली.

आणि पडद्यावर हात आला.

खराखुरा हात, माणसाचा, मोठा, बाहुल्यांच्या घरांपेक्षा मोठा. मनगटापर्यंत हिरवी बाही, कंपनीने वाटलेल्या जाकिटाची, तिच्यावरचं कंपनीचं चिन्ह स्वच्छ दिसत होतं. हाताने भिंत ढकलली. हाताने गाळ ढकलला, केसभर, केसभर, केसभर. कपडे गेले, दोरी गेली, देऊळ गेलं, ते घर गेलं. हात एकदाही चित्राबाहेर गेला नाही. शाळेच्या दारातली अंगरखेवाली बाई सगळा वेळ तशीच उभी होती.

मग क्षणभरही न थांबता, काही झालंच नाही अशी, ती लहान बाहुली वही छातीशी धरून चढ चढताना दिसली. बाईने वही घेतली. उघडून बघितली. घंटा झाली आणि सगळ्या बाहुल्या ताटल्या घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. संपली.

लेतीसियाने आधी घसा साफ केला, मग हसली. सुरेख आहे, म्हणाली. फारच हृदयस्पर्शी. मुलांच्या हातून एक चूक झालीय, हात राहून गेलाय, पण पहिलीच फिल्म आहे, होतं असं. हात आलेले फोटो तेवढे काढून टाकू या, बाकी तशीच राहू दे.

एवांद्रोने तैनाराकडे बघितलं.

"काढा ना," तैनारा म्हणाली. "काढून बघा."

तो यंत्राशी बसला. पाच-सात मिनिटं लागली. त्या वेळात बेर्नादेत नखं बघत बसली, लेतीसिया फोन बघत बसली, आणि लिंदौरा पेनाचं टोपण लावत आणि काढत बसली. एवांद्रो म्हणाला, दोनशे अठ्ठ्याऐंशी फोटो काढून टाकले, लावू का?

लावली. गाव आलं. कपडे वाळत होते. अंगरखेवाल्या बाईने बोट रोखलं. लहान बाहुली उतार उतरली, घरात गेली, खुर्चीवर चढली. आणि लगेच वही छातीशी धरून चढ चढायला लागली. बाईने वही घेतली, उघडून बघितली. घंटा झाली. ताटल्या, रांग. देऊळ जागेवर, कपडे दोरीवर, घर जागेवर. चिखल नाही.

"अहो, पण मग पूर कुठे गेला?" लेतीसियाने एवांद्रोला विचारलं.

उत्तर तैनाराने दिलं. "हात काढला की पूर येतच नाही."

लिंदौरा पडद्याकडेच बघत होती. तिच्या डोळ्यांसमोर तो दिवस होता, जसा असायला हवा होता तसा. पोरगं खाली गेलं, वही घेऊन वर आलं. एक चिडकी मास्तरीण आणि एक विसराळू पोर, शाळेतला साधा दिवस, दुपारपर्यंत दोघंही विसरून गेली असती. तीन वर्षं तिने असा विचारच केला नव्हता. तीन वर्षं तिला फक्त खाली जाणारं पोर दिसत होतं.

लेतीसियाचा गोडवा आता संपत आला होता. पुराचा भाग परत काढा, नीट, हात बाहेर ठेवून, संध्याकाळपर्यंत हवाय, असं तिने एवांद्रोला बजावलं. एवांद्रो खुर्चीवरून उठला. म्हणाला, मी नाही काढणार. आणि पहिली फिल्म मुलांकडे आहे, कालच प्रत्येकाच्या फोनवर दिली, ज्याने केली त्याची ती, माझी पद्धतच आहे. मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं.

मग लिंदौरा उठली. मांडीवरची चवड तिने खुर्चीवर ठेवली.

"पहिली लाव," ती एवांद्रोला म्हणाली. "अख्खी. आणि हात आला की थांबव."

हात आला. चित्र थांबलं. एका बाजूला हिरवी बाही, मध्ये अर्धं गिळलेलं गाव, आणि वर, चढावर, शाळेच्या दारात अंगरखेवाली बाई.

"या, बाई," लिंदौरा लेतीसियाला म्हणाली. "आमच्या वर्गाची रीत आहे. या गावाला काय हवं होतं, ते दिसतंय. कपडे वाळायला हवे होते. ते कुणी होऊ दिलं नाही, त्याच्यावर बोट ठेवा. बारा वर्षांच्या पोरांना जमतं. तुमच्याच खोक्यातून शिकलीत ती."

लेतीसिया उठली नाही. तिने फॉर्मकडे बोट दाखवून विचारलं की सही होणार आहे की नाही, कारण फॉर्म दुपारी राजधानीला पाठवायचाय. बेर्नादेत हळूच म्हणाली, "लिंदौरा, डिसेंबर..."

"डिसेंबर दर वर्षी येतो," लिंदौरा म्हणाली. "त्याचं कौतुक मला सांगू नकोस. आणि तुझा मेव्हणा त्या चिखलात आहे, बेर्नादेत, तू तरी खाली बघू नकोस."

बेर्नादेतने मान वर केली. तिचे डोळे भरले होते.

"बाई," तैनारा म्हणाली. "तुम्ही ठेवा."

लिंदौरा वळली. पोर तिच्याकडे सरळ बघत होती, तीन वर्षांत पहिल्यांदा. लिंदौरा पडद्यापाशी गेली. सतरा पोरं बघत होती. दिव्याचा झोत तिच्या पाठीवर पडला होता. तिने बोट उचललं, आणि ते तिच्या इच्छेविना, सवयीने, वरच्या कोपऱ्याकडे जायला लागलं, चढावर, शाळेच्या दाराकडे.

"तिथे नाही, बाई."

बोट हवेत थांबलं.

"तो रोजच विसरायचा," तैनारा म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच बारीक होता. "पहिलीची बाई रोज ओरडायची. तो रोज जायचा आणि रोज परत यायचा."

मग लिंदौराने बोट खाली आणलं, वाहून चाललेल्या देवळावरून, दोरीवरून, घरावरून, आणि हिरव्या बाहीवर ठेवलं. नुसतं ठेवलं नाही, असं दाबलं की पडदा मागच्या भिंतीला टेकला.

वर्ग एकदम गप्प झाला.

ती परत खुर्चीपाशी आली, चवड उचलली आणि वरच्या फॉर्मवर पहिल्या चौकटीवर फुली मारली. माणूस विरुद्ध माणूस. लेतीसिया म्हणाली की असा फॉर्म कंपनी घेणार नाही आणि फिल्म कुठेही जाणार नाही. लिंदौराने खाली पूर्ण नाव लिहून सही केली, फॉर्म तिच्या हातात दिला आणि पोरांना पडदे उघडायला सांगितले. पेन तिने इतकं जोराने दाबलं होतं की तिच्या हातात उरलेल्या कोऱ्या फॉर्मांवरही त्याच चौकटीत फुली उमटली होती.